मोजायचा नाही, आणि म्हणायचं विक्रमी!

नालासोपाऱ्यात आचोळे रस्ता पाण्याखाली गेला, वसईत दिवाणमानच्या तळमजल्यांत पाणी शिरलं, की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं वाक्य, ‘पाऊसच विक्रमी झाला, त्याला कोण काय करणार?’ मग कुणी विचारतं, कुठे झाला, किती वेळात झाला, किती मिलिमीटर झाला? की दुसरं वाक्य तयार, ‘त्या भागात पर्जन्यमापक नाही हो.’ दोन्ही वाक्यं एकाच तोंडून निघतात आणि ऐकणारे मान डोलावतात. मोजला नाही तर विक्रमी कशावरून? आणि विक्रम मोडला हे ठाऊक असेल, तर मोजला कुठे?

अलीकडे या जोडीला तिसरं वाक्य येऊन मिळालं आहे. ते शिकल्यासवरल्या माणसांकडून येतं, म्हणून त्याचा समाचार घेणं जास्त गरजेचं. ‘पर्जन्यमापक ही जुनी गोष्ट झाली. आता उपग्रह आहेत, रडार आहे, एआय आहे. जिथे मापक नाही तिथलाही पाऊस घरबसल्या कळतो. मग गल्लोगल्ली डबे बसवून पैसे कशाला घालवायचे?’ हे ऐकायला आधुनिक वाटतं. प्रत्यक्षात ते पहिल्या दोन वाक्यांना इस्त्रीचे कपडे चढवतं, एवढंच.

आधी त्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१०च्या शहरी पुरांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत दर ४ चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावं असं म्हटलं आहे. वसई-विरार महापालिकेचं क्षेत्र सुमारे ३८० चौरस किलोमीटर, म्हणजे ९५ मापकं. ती सगळी उद्या बसली असं धरा. एका मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं धरलं, तर ९५ तोंडं मिळून जेमतेम १.९ चौरस मीटर भरतात. एका माणसाच्या खाटेएवढ्या जागेवरचा पाऊस आपण खरोखर मोजणार. बाकी सगळं शहर अंदाजाने भरून काढणार. त्यामुळे अंदाज करावा की करू नये हा वादच नाही. मापक नसलेल्या जागेचा अंदाज करावाच लागतो. तो कशाच्या जिवावर करायचा आणि त्याच्यासोबत चुकीची मर्यादा सांगायची की लपवायची, हा खरा वाद आहे.

उपग्रहापासून सुरुवात करू. पावसाचे जे उपग्रही आकडे जगभर सर्वाधिक वापरले जातात, ते अंशाच्या दहाव्या भागाच्या चौकोनांत आणि अर्ध्या तासाच्या टप्प्यांत येतात. आपल्या अक्षांशावर असा एक चौकोन सुमारे ११६ चौरस किलोमीटरचा होतो. म्हणजे अख्खं वसई-विरार तीन-सव्वातीन चौकोनांत आटोपलं. अर्नाळ्याचा समुद्र, निर्मळच्या वाड्या आणि नालासोपारा स्टेशन एवढं सगळं अशा एका चौकोनात मावू शकतं, आणि त्या सगळ्याला आकडा मिळतो एकच. बरं, उपग्रह पाऊस मोजत नाही. तो ढगांच्या माथ्यांचं तापमान पाहतो, ढगातल्या पाण्याने आणि बर्फाने सूक्ष्मलहरींत केलेला बदल टिपतो आणि त्यावरून खाली किती पडलं असेल याचा तर्क करतो. सूक्ष्मलहरी टिपणारे उपग्रह एका जागेवरून दिवसात मोजक्याच वेळा जातात. मधल्या वेळची भर ढगांची सरक पाहून घातली जाते.

त्यात आपला किनारा या तर्काला विशेष दगा देणारा. नैऋत्येकडून आलेली ओली हवा डोंगराला भिडून वर चढते तेव्हा ढग फार उंच न जाताही भरपूर पाऊस देतात. ढगाचा माथा बेताचा, बर्फ कमी, पाऊस मात्र मुसळधार. वरून पाहणाऱ्याला तो साधारण वाटतो आणि खाली ओढे फुगतात. पश्चिम घाटावर उपग्रही आकडे अशा पावसाला कमी लेखतात, हे जाणकारांना नवीन नाही. तुंगारेश्वरचे डोंगर शहराच्या पाठीशीच उभे आहेत. पारोळ, मेढे, भाताणे या पूर्वेकडच्या गावांचा पाऊस आणि किनाऱ्यावरच्या वाड्यांचा पाऊस एकच मानणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

याच उपग्रही आकड्यांची शेवटची, सर्वांत विश्वासार्ह आवृत्ती येते साधारण साडेतीन महिन्यांनी. उशीर लागतो, कारण त्या आकड्यांना जमिनीवरच्या पर्जन्यमापकांच्या मासिक नोंदींनी सुधारून घेतात. ज्या ‘जुन्या डब्यां’ना हे विद्वान निवृत्त करायला निघाले आहेत, त्यांच्याच दाराशी उपग्रह दुरुस्तीला येतो. एआयचंही तेच. कुठलंही मॉडेल पाऊस शिकतं ते मापकांच्या नोंदींवरून. सरासरी चूक कमी करण्यासाठी घडवलेलं मॉडेल क्वचित येणाऱ्या टोकाच्या आकड्याला सरासरीकडे ओढतं, आणि आपल्याला तर नेमकं टोकच हवं आहे.

रडार याहून बरं, यात शंका नाही. कुलाब्याचं डॉप्लर रडार आहे, आणि २०२२च्या जानेवारीत जोगेश्वरीला वेरावलीचं रडार सुरू झालं. पण रडारसुद्धा मिलिमीटर मोजत नाही. थेंबांवरून परतलेला लहरींचा प्रतिध्वनी मोजतं. हा प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो. ४ मिलिमीटर व्यासाचा एक थेंब १ मिलिमीटरच्या ४०९६ थेंबांइतका प्रतिध्वनी देतो, पण त्याच्यात पाणी असतं त्यातल्या ६४ थेंबांचं. त्यामुळे प्रतिध्वनीवरून पाऊस काढायला सूत्र लागतं, आणि सूत्र थेंबांच्या जातीवर ठरतं.

एकच उदाहरण घेऊ. रडारवर ४५ डेसिबेलचा प्रतिध्वनी आला. मार्शल आणि पामर यांच्या १९४८च्या सूत्रात तो घातला तर ताशी २४ मिलिमीटर पाऊस निघतो. वादळी ढगांसाठी वापरतात त्या सूत्राने २८. उष्ण कटिबंधातल्या पावसासाठी जे सूत्र वापरतात त्याने ५६. प्रतिध्वनी तोच, ढग तोच, वेळ तीच. आकडा दुपटीहून अधिक बदलला. यातलं कुठलं सूत्र त्या दिवशी खरं, हे ठरवायला खाली मापकच हवं. शिवाय कुलाब्यापासून विरार सरळ रेषेत साठेक किलोमीटर. तिथे पोहोचेपर्यंत रडारचा झोत किलोमीटरभर रुंद झालेला असतो आणि जमिनीपासून अर्धा-पाऊण किलोमीटर वरचे थेंब पाहत असतो. वेरावलीचं रडार जवळ आहे, पण ते सी बँडचं, म्हणजे आखूड लहरींचं. मधे मुसळधार सर असली तर तिच्यात लहरी क्षीण होतात आणि पलीकडचा पाऊस आहे त्याहून कमी दिसतो. या त्रुटींना तज्ज्ञांकडे उपाय आहेत. पण ते उपाय तपासायलाही पुन्हा जमिनीवरचा आकडा लागतो.

‘ठीक आहे, मग शेजारच्या केंद्रांवरून काढू,’ असा पुढचा युक्तिवाद येतो. इथे २६ जुलै २००५ची आठवण पुरेशी आहे. त्या दिवशीच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७४. दोन्ही केंद्रं एकाच मुंबईत, मधे अंतर पंचवीसेक किलोमीटर. सांताक्रूझची वेधशाळा नसती तर? कुलाब्याच्या ७४वरून कुणीही म्हटलं असतं, आषाढातला नेहमीचा दिवस. विहार तलावावर १०४९ आणि भांडुपला ८१५ मिलिमीटर नोंदले गेले, म्हणून पावसाचा गाभा कुठे होता हे निदान कळलं. सांताक्रूझ ते नालासोपारा हे अंतर कुलाबा ते सांताक्रूझहून जास्त आहे. तरी आपल्याकडे सांताक्रूझचा आकडा सर्रास वसई-विरारच्या कपाळी चिकटवला जातो.

यात गणिताची एक अडचण आहे, ती फारशी बोलली जात नाही. शेजारच्या केंद्रांना अंतराप्रमाणे वजन देऊन मधल्या जागेचा पाऊस काढतात. पण भारित सरासरी कितीही हुशारीने काढली तरी ती शेजाऱ्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे मापक नसलेल्या जागी सर्वांत जास्त पाऊस झाला असेल, तर ही रीत तो कधीच सांगणार नाही. चूक हिशेबात नाही, रीतीतच आहे. अतिवृष्टी शोधायला तिचा वापर करणं म्हणजे उत्तर आधीच बाद करून प्रश्न विचारणं.

‘वसईत मापकं नाहीत असं कोण म्हणतं? महसूल मंडळांचे आकडे येतातच की,’ असं कुणी म्हणेल. येतात. मांडवी, आगाशी, निर्मळ, विरार, माणिकपूर ही नावं पावसाळ्यात रोज वाचायला मिळतात. पण लोकांसमोर येतो तो दिवसाचा एक आकडा, आणि पावसाचा हा दिवस सकाळी साडेआठला संपतो. रात्री दोनला लागलेला पाऊस दुपारी बाराला थांबला, तर अर्धाअधिक आजच्या खात्यात आणि उरलेला उद्याच्या. वर्षातला सर्वांत मोठा पाऊस काढताना तो असा दोन वह्यांत फाटलेला असतो. म्हणूनच जलशास्त्रज्ञ हर्शफील्ड यांच्या काळापासून ठरावीक वेळेला मोजलेल्या दिवसाच्या कमाल पावसाला १.१३ने गुणून खऱ्या २४ तासांचा पाऊस काढण्याची पद्धत आहे. फाटक्या दिवसाची ही सरासरी शिलाई. अमुक एका रात्रीबद्दल ती काही सांगत नाही.

आणि वसई-विरार बुडतं ते दिवसाने नव्हे, तासाने. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र. भरती असेल तेव्हा नाल्यांची तोंडं बंदच समजायची. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर. ओहोटीला पडलेले ८० मिलिमीटर वाहून जातात. तेच ८० उधाणाच्या भरतीत तासाभरात पडले तर चुळण्यापासून आचोळ्यापर्यंत पाणी तुंबतं. दिवसाच्या बेरजेत या दोन्हींचा आकडा सारखाच.

दिवसावरून तास काढायचं सूत्र आहे, म्हणतात. आहेच, भारतात घनमुळाचं सूत्र सर्रास वापरतात. २४ तासांच्या पावसाला तासांच्या गुणोत्तराच्या घनमुळाने गुणायचं, म्हणजे एका तासाला साधारण ३५ टक्के. हेच सांताक्रूझवर लावून पाहा. ९४४चे ३५ टक्के म्हणजे सुमारे ३३० मिलिमीटर. प्रत्यक्षात सर्वांत जोराच्या तासाला नोंदले गेले सुमारे १९०. तिथे सूत्राने फुगवलं. उलट दिवसाचा १०० मिलिमीटर पाऊस सगळाच एका तासात पडला, तर सूत्र त्याला ३५ म्हणेल. नाल्याचा आकार यावर ठरवायचा असेल, तर हा फरक परवडणारा नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. अंदाजातली ही सगळी ढिलाई निरुपद्रवी असती, जर ती दोन्ही बाजूंना सारखी वापरली गेली असती. तसं होत नाही. इमारत, भराव, रस्ता किंवा नाला मंजूर करताना पाऊस कमी धरला जातो, आणि पाणी घरात शिरल्यावर तोच पाऊस विक्रमी ठरतो. बांधताना लहान आकडा, बुडाल्यावर मोठा. तासाचा मापलेला आकडा गावोगाव उपलब्ध असेल, तर ही कसरत जमत नाही. म्हणून मापक नसणं ही आपल्याकडे अडचण कमी आणि सोय जास्त झाली आहे.

ही सोय केवढ्याची, याचा हिशेब करू. एका चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार घनमीटर पाणी. दहा चौरस किलोमीटरच्या पाणलोटात १०० मिलिमीटरचा फरक पडला, तर पाणी बदललं दहा लाख घनमीटरने. ते साठवायला दोन मीटर खोल धारण तलाव करायचा तर ५० हेक्टर, म्हणजे सव्वाशे एकरांच्या जवळपास जागा लागेल. वसई-विरारमध्ये सव्वाशे एकरांचा अर्थ काय, हे कुणाला सांगायला नको. कागदावरचा पाऊस १०० मिलिमीटरने कमी झाला, की एवढी जमीन तलावाच्या आराखड्यातून सुटून बांधकामाला मोकळी होते.

जुलै २०१८च्या पुरानंतर हे सगळं समोर आलं होतं. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, लांब पल्ल्याच्या गाडीतल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, मिठागरांच्या वस्तीत माणसं अडकली. त्यानंतर निरी आणि आयआयटी मुंबईकडे अभ्यास सोपवला गेला आणि धारण तलावांची शिफारस झाली. पण तलावाचं आकारमान पावसाच्या आकड्यावर उभं असतं. पाया ढिला ठेवून कळसाची चर्चा करण्यात अर्थ नाही.

‘शंभर वर्षांत एकदा’ हा शब्दप्रयोगही असाच हवा तसा वापरला जातो. ज्या जागी नोंदच नाही, तिथला शंभर वर्षांतला पाऊस कुठून आला? आणि तो खरा मानला, तरी त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा गाठण्याची शक्यता २६ टक्के, चारात एक. ‘आता शंभर वर्षं निश्चिंत’ असं त्यातून कुठेच निघत नाही.

याची झळ फक्त शहराला बसत नाही. शासनाच्या निकषाने महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. डोंगराखालच्या भातखाचरात पीक आडवं झालेलं असतं आणि मंडळाच्या मापकात ६२ भरलेले असतात. वाऱ्याने मापकात पडायचा पाऊस थोडा बाहेर जातो, भिंत किंवा झाड जवळ असेल तर आणखी चुकतो. ६२ आणि ६५ यांत मापकाच्या स्वतःच्या चुकीएवढाही फरक नाही. पण कागदावर तो फरक लक्ष्मणरेषा होऊन बसतो. शहराच्या वेळी अंदाजावर भिस्त आणि शेतकऱ्याच्या वेळी तीन मिलिमीटरचा काटेकोरपणा, हा कुठला न्याय?

मग मापक नसलेल्या जागी करायचं काय? ‘करता येत नाही’ हे उत्तर तर साफ खोटं आहे. केंद्रीय जल आयोग, हवामान खातं, रेल्वेची संशोधन संस्था आणि तेव्हाचं भूतल परिवहन मंत्रालय यांनी मिळून कोकण आणि मलबार किनाऱ्यासाठी पूर-अंदाजाचा अहवाल १९९२मध्येच काढला. मापक नसलेल्या ओढ्यांवर पूल आणि मोऱ्या बांधायच्या तर २५, ५० आणि १०० वर्षांचा पाऊस कसा घ्यावा, हे त्यात नकाशांसह दिलं आहे. हॉस्किंग आणि वॉलिस यांनी १९९७च्या ग्रंथात प्रादेशिक विश्लेषणाची रीत पक्की केली. सारख्या हवामानाच्या केंद्रांच्या नोंदी प्रत्येकाच्या सरासरीने भागून एकत्र करायच्या, म्हणजे वीस वर्षांच्या दहा नोंदी एकमेकींना आधार देतात. अर्थात एकच वादळ दहाही केंद्रांवर पडतं, म्हणून त्या दोनशे स्वतंत्र वर्षांइतक्या मोलाच्या नसतात. आणि निर्मळ व पारोळ एका गटात बसतात का, हे आधी तपासावं लागतं. तपासायचं कशाने, हे वेगळं सांगायला नको.

पूर ओसरल्यावरही पाऊस शोधता येतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या स्मेथपोर्टला १८ जुलै १९४२ रोजी साडेचार तासांत ७८० मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला, हा जागतिक विक्रम मानला जातो. तो काही वेधशाळेने मोजलेला नाही. लोकांच्या बादल्या, डबे, बरण्या यांत साठलेलं पाणी मोजून काढलेला आहे. वसईतही हे जमेल. वाडीत उघड्यावर ठेवलेलं सरळ बाजूंचं पिंप असतं. आदल्या संध्याकाळी ते रिकामं होतं का, वर नारळाची झावळी किंवा पत्र्याची पागोळी नव्हती ना, काठोकाठ भरून वाहिलं का, एवढे प्रश्न विचारून पाण्याची उंची घ्यायची. बावखलाची, म्हणजे वाडीतल्या तळ्याची, पातळी मात्र यासाठी चालणार नाही. त्यात आजूबाजूचं आणि जमिनीतलं पाणी उतरतं. पेल्हार आणि उसगावच्या धरणांची पातळी रात्रभरात चढून साठा किती वाढला, त्याला पाणलोटाच्या क्षेत्रफळाने भागलं तर निदान किती पाऊस झाला याची खालची सीमा हाती येते. पिंपाचा आकडा, धरणाचा आकडा आणि रडारचा आकडा एकमेकांसमोर ठेवले, तर ‘१८० ते २६०च्या दरम्यान’ अशा तऱ्हेचं प्रामाणिक उत्तर मिळतं. एक ठाम खोटा आकडा देण्यापेक्षा ते कितीतरी कामाचं.

‘खर्च परवडत नाही’ हा शेवटचा बचाव तर टिकतच नाही. मुंबईने २००५नंतर अग्निशमन केंद्रांच्या आणि पालिकेच्या इमारतींच्या गच्च्यांवर स्वयंचलित मापकं बसवली. वसई-विरारकडेही शाळा आहेत, जलकुंभ आहेत, प्रभाग कार्यालयं आहेत. कठीण आहे ते बसवणं नव्हे, सांभाळणं. जाळीत अडकलेलं पान काढणं, बॅटरी बदलणं, जोरदार पावसात कमी मोजणाऱ्या मापकाची दर वर्षी तपासणी करणं. हे काम नेमून दिलेल्या माणसाचं आहे, उद्घाटनाच्या फितीचं नाही.

म्हणून उपग्रहवाल्यांना उत्तर सरळ आहे. तुमची साधनं हवीत, पण मापकांच्या जागी नव्हे, मापकांच्या जोडीला. आणि पालिकेकडे मागणी त्याहून सरळ आहे. मंजुरीच्या कागदावर तासाचा पाऊस किती धरला, तो कुठल्या केंद्राचा आणि चुकीची वरची सीमा किती, हे छापा. नाले आणि धारण तलाव त्या वरच्या सीमेवर आखा. पूर आल्यावर ‘विक्रमी’ म्हणणाऱ्याने मापक, वेळ आणि मिलिमीटर ही तिन्ही सांगावीत. सांगता येत नसतील, तर मोजणीची जबाबदारी ज्याने टाळली त्याला पावसावर बोट दाखवण्याचा अधिकार नाही.